जुना अमेरिकन डिशवॉशर घेताय? आधी नळाला गरम पाणी येतंय का बघा

आमच्या गराजमध्ये सध्या तीन डिशवॉशर पडलेत आणि चौथा किचनमध्ये रोज चालतो, आणि चारही माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. कोणी घरी आलं की दोन प्रश्न ठरलेले, हे चालतं का, आणि भांडी खरंच स्वच्छ निघतात का. चालतं. भांडीही निघतात, आणि नव्या मशीनला जिथे दोन-अडीच तास लागतात तिथे हे तासाभरात मोकळं होतं. पण ज्यांनी ज्यांनी हौसेने असं मशीन आणलं आणि महिन्याभरात वैतागून काढून टाकलं, त्यांच्याशी बोलल्यावर दर वेळी तेच निघतं, मशीन बरं होतं, त्याला दिलं ते चुकीचं होतं. गार पाणी, आजची पावडर, आणि कशीही कोंबलेली भांडी. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते.

आम्ही ओहायोत डेटनजवळ राहतो आणि हा सगळा पट्टाच डिशवॉशरचा आहे. उत्तरेला वीसेक मैलांवर ट्रॉय, हे स्वयंपाकघरातली यंत्रं बनवणाऱ्या हॉबार्ट कंपनीचं गाव. डिशवॉशरचं पेटंट घेणारी जोसेफिन कॉक्रन इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलची, पेटंट २८ डिसेंबर १८८६ चं, आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात तिची मशीन्स भांडी धूत होती. तिची कंपनी पुढे १९२६ मध्ये हॉबार्टने घेतली आणि १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती डिशवॉशर आणला. पश्चिमेला इंडियानात कॉनर्सव्हिल, तिथे डी अँड एम नावाची कंपनी सिअर्स दुकानांच्या केनमोर या ब्रँडसाठी आणि इतर कितीतरी नावांसाठी मशीन्स बनवायची. म्हणजे दारावर नाव वेगळं, आत सगळं तेच. केनमोरच्या मॉडेल नंबरची सुरुवात ५८७ ने असेल तर ते डी अँड एमचं, ६६५ ने असेल तर व्हर्लपूलचं. हे दोन आकडे पाठच करा, पार्ट शोधताना उपयोगी पडतात.

आता काय घ्यायचं. पन्नास-साठच्या दशकातली मशीन्स आतून दोन जातीची असतात. जुनी जात म्हणजे इंपेलरवाली, टबच्या तळाला एक छोटा पंखा असतो, तो जोरात फिरून साचलेलं पाणी खालून वर भांड्यांवर भिरकावतो, बस, पाणी फेकायला वेगळा पंप नाही, फवारे नाहीत. नंतरची जात म्हणजे पंप आणि फिरणारे हात, हातांना भोकं, त्यातून पाणी दाबाने येतं, आजच्यासारखंच. दिसायला आणि ऐकायला इंपेलरवालं जास्त भारी, झाकण लावलं की आत वळवाचा पाऊस पत्र्यावर पडतोय असा आवाज येतो, पण रोज वापरायचं असेल आणि घरात भात होत असेल तर पहिलं मशीन फिरत्या हातांचंच घ्या. भाताचं का ते पुढे सांगते.

शिवाय काउंटरखाली बसणारं की चाकांवरचं हा प्रश्न असतोच. नवशिक्याने चाकांवरचं घ्यावं. ते ढकलत सिंकपाशी न्यायचं, नळाला कपलिंग लावायचं, त्याच कपलिंगमधून गरम पाणी आत जातं आणि घाण पाणी दुसऱ्या नळीने सिंकमध्ये पडतं, प्लंबर नको की सुतार नको. आवडलं नाही तर परत गराजमध्ये. काउंटरखालचं साधारण २४ इंच रुंद असतं, त्यामुळे आजच्या कॅबिनेटमध्येही बहुतेक वेळा बसतं, पण सिंकला जोडूनच आलेली ४८ इंची जुनी युनिट्स दिसली तर कितीही मोह झाला तरी आधी टेप लावून मोजा. आणि रंगाला भुलू नका. १९५५ पासून जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीने गुलाबी, फिरोजी, पिवळी अशी किचनं काढली, त्यातला गुलाबी डिशवॉशर बघून माझ्यासारखी माणसं पैसे काढून मोकळी होतात. रंग परत मारता येतो, रॅक परत मिळत नाही.

मिळतात कुठे, तर एस्टेट सेलमध्ये. इथे आजी-आजोबा गेले की मुलं घरातलं सगळं सामान दोन दिवस मांडून विकतात, आणि पन्नासच्या दशकात बांधलेल्या बैठ्या घरात किचन मूळचंच असेल तर तुमचं नशीब. फोटोत किचन दिसलं की मी पहिल्या दिवशी सकाळी जाते, दुसऱ्या दिवशी भाव निम्मा होतो पण तोवर कोणीतरी डिशवॉशर ओढून काढताना नळी कापलेली असते. बाकी फेसबुक मार्केटप्लेस आहे, क्रेग्सलिस्ट आहे, हॅबिटॅट संस्थेची जुन्या सामानाची रीस्टोर दुकानं आहेत. बेसमेंटमध्ये न वापरता पडलेलं मशीन सगळ्यात छान वाटतं पण त्यातच एक मेख आहे, तीही सांगते.

बघायला जाताना बॅटरी, मल्टिमीटर आणि एक जुनं फडकं न्या. बाहेरचं क्रोम सोडून द्या, आधी झाकण उघडून रॅक बघा. तारेवरचं प्लास्टिकचं वेष्टण टोकांना फाटलेलं असतंच, त्याला रॅक रिपेअरचा रंग आणि रबरी टोप्या मिळतात, ते चालतं. पण जिथे तारा एकमेकींना जोडल्यात तिथेच गंजून सुटलेल्या असतील, चमच्यांची टोपली नसेल, पावडरच्या कपाचं झाकण तुटलेलं असेल, तर भाव पाडा नाहीतर सरळ घरी या. टब एनॅमलचा असेल तर टवके उडालेत का बघा, तळाशी नाण्याएवढा टवका चालेल, पण गंजाने पत्रा बोटाने दबत असेल तर ते मशीन संपलं. मग इंपेलर किंवा हात हाताने फिरवा. टायमरचं बटण हळूहळू पुढेच फिरवा, उलटं कधीही नाही, आतले कॉन्टॅक्ट वाकतात आणि तो टायमर परत मिळणं म्हणजे देव भेटणं. खालची पट्टी काढली की आत वायरिंगचा कागद चिकटवलेला असतो, तो शाबूत असेल तर तिथल्या तिथे फोटो काढून घ्या, घरी नेताना फाटतोच.

विकणारा म्हणतो लावून बघा, चालतंय. लावू नका. हे मी ४० डॉलर आणि एका जाजमाची किंमत देऊन शिकले. माझं पहिलंच मशीन, कित्येक वर्षं बेसमेंटमध्ये कोरडं पडलेलं, घरी आणलं, त्याच संध्याकाळी उत्साहाने जोडलं, सुरू केलं, आवाज काय सुंदर, आणि दहा मिनिटांनी पायाखाली ओलं लागलं. मोटरचा दांडा टबच्या तळातून वर येतो तिथे सील असतं, म्हणजे एक कार्बनची चकती आणि एक सिरॅमिकची, स्प्रिंगने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या, पाण्याचा पातळ थर मध्ये राहिला की त्या गुळगुळीत फिरतात. वर्षानुवर्षं कोरड्या राहिल्या की क्षार आणि साबण सुकून दोघी एकमेकींना चिकटतात, आणि मी एकदम मोटर चालू केली तेव्हा कार्बनची कड कचकन तुटली. न वापरलेल्या मशीनची मेख ती हीच. आता मी असं करते, तळ बुडेल एवढं कोमट पाणी ओतते, दोन चमचे सायट्रिक अॅसिड घालते, रात्रभर तसंच ठेवते, सकाळी हाताने इंपेलर हळूहळू सोडवते, पाचदहा वेळा फिरवते, पाणी काढून परत भरते, आणि मग खाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवते. पुठ्ठ्यावर डाग पडला तर गळती नेमकी कुठून आहे तेही कळतं. सील गेलंच असेल तर घाबरू नका, दांड्याचा व्यास मोजून पंपांची सीलं विकणाऱ्याकडे साधारण तसंच मिळतं, ब्रँडचंच हवं असं काही नाही.

विजेचं मात्र थट्टेवारी न्यायचं नाही. पाणी, पत्र्याचं अंग आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वायर, तिघं एकत्र आहेत. प्लग काढलेला असताना मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या दोन चपट्या पिनांना एकेक करून (अर्थिंगच्या पिनला नाही) आणि दुसरं पत्र्याला लावा, जोड दिसला तर पुढे जाऊच नका. दोन पिनांचा प्लग असेल तर तीन पिनांची वायर घालून पत्र्याला अर्थिंग द्या आणि जीएफसीआयच्या, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणाऱ्या सॉकेटवरच चालवा. जीएफसीआय सारखा पडतो म्हणून लोक साध्या सॉकेटला लावतात, असं करू नका हो. बऱ्याचदा ते तळातल्या हीटरमुळे होतं, इतकी वर्षं पडून त्याच्या आतल्या पावडरीत ओल शिरलेली असते, तो काढून वाळवला की थांबतं, नाही थांबलं तर बदलायचा. हीटरजवळच्या वायरांवर पांढरट सुती दिसणारं वेष्टण असेल तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं, चोळू नका, खरवडू नका, ज्याला काढता येतं त्यालाच काढू द्या. तेलाचा बंद डबा असलेला जुना कपॅसिटर दिसला तर तोही सरळ बदला, १९७९ च्या आधीच्यांत पीसीबी या विषारी रसायनाचं तेल असायची शक्यता असते, तो उघडायचा नाही आणि कचऱ्यातही टाकायचा नाही. मोटरला तेल घालायची भोकं असतील तर विजेच्या मोटरचंच तेल, एसएई २०, तीन-चार थेंब. किचनमधलं तेल नको, मागे एकाने खरंच घातलं होतं.

आता मुख्य मुद्दा. पाणी.

आजचं मशीन गार पाणी घेतं तरी चालतं, ते आत तापवतं, म्हणून तर दोन तास लावतं. जुन्यातली बरीचशी मशीन्स धुताना पाणी तापवत नाहीत, तळातला हीटर असतो तो मुख्यतः शेवटी भांडी वाळवायला. तेव्हा हिशोब असा होता की नळातूनच १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियसचं पाणी येईल. आज बहुतेक घरात गीझर १२० वर ठेवलेला असतो, आणि वर तो बेसमेंटच्या दुसऱ्या टोकाला. गणित करा. अर्ध्या इंची तांब्याच्या ५० फूट पाइपात सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी मावतं, ते सगळं गार होऊन पडलेलं असतं. मशीन एका भरण्यात समजा दोन गॅलन घेतं, म्हणजे साडेसात लिटर. त्यातलं तीस टक्के गारच गेलं, उरलेल्यातली ऊब गार पत्र्याने आणि गार ताटांनी खाल्ली, मग तूप सुटणार कसं? सुटत नाही, नुसतं पसरतं, आणि मग सगळ्या वाट्यांना तो ओशट हात लागतो. म्हणून सुरू करायच्या आधी सिंकचा गरम नळ सोडायचा, हाताला चटका बसेपर्यंत, ते पाणी बादलीत धरून कढई भिजवायला घ्यायची, आणि मग लगेच मशीनचं बटण. थर्मामीटर असेल तर ग्लासात धरून बघा, १४० जवळ हवं. गीझर वाढवणार असाल तर बाथरूमच्या लाइनला गार पाणी मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर त्याशिवाय वाढवूच नका, ६० डिग्रीच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं.

दुसरं म्हणजे पावडर. कॅस्केड ही डिशवॉशरची पावडर १९५५ ची, तेव्हाच्या सगळ्या पावडरींत फॉस्फेट भरपूर असायचं, ते पाण्यातला चुना धरून ठेवायचं आणि चिकटलेलं अन्न सोडवायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी डिशवॉशरच्या पावडरीतलं फॉस्फेट जवळजवळ बंद केलं, आणि कंपन्यांनी मग सगळीकडेच तेच सूत्र लावलं. आजच्या पावडरी एन्झाइमवर चालतात, आणि एन्झाइमला वेळ लागतो. तुमच्या मशीनचा मुख्य धुण्याचा वेळ आहे दहाएक मिनिटांचा, तेवढ्यात ते बिचारं जागंच होत नाही. म्हणून पांढरा थर बसतो. संग्रह करणारे लोक एसटीपीपी नावाचं फॉस्फेट सुटं विकत आणतात आणि चमचाभर घालतात, काम करतं, ग्लास लखलखतात. पण मी इथे लेक एरी या सरोवराच्या राज्यात राहते, २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या काठच्या टोलिडो शहरात फॉस्फेटवर पोसलेल्या शेवाळामुळे नळाचं पाणी प्यायची बंदी झाली होती, त्यात मुख्य वाटा शेतातल्या खतांचा, तरी माझा हात आखडतो. मी साधी पावडरच वापरते, टॅब्लेट नाही, कारण टॅब्लेट जुन्या कपात बसत नाही आणि वेळेत विरघळतही नाही. शिवाय मुख्य धुणं सुरू झालं की मिनिटभराने झाकण उघडून मशीन थांबवते, पंधरा मिनिटं तसंच मुरू देते, आणि मग झाकण लावून परत चालू. एन्झाइमला वेळ मिळतो. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक अॅसिडचा एक हात. ब्लीच असलेल्या पावडरीबरोबर ते कधीच घालू नका, विषारी वायू होतो.

भांडी लावणं. हे रॅक ज्यांच्यासाठी बनवले ते लोक सपाट चिनी मातीच्या बशा आणि कॉफीचे कप वापरायचे. आपलं काठाचं ताट त्या फटीत नीट उभं राहत नाही, एक फट सोडून एक लावावं लागतं. आई सांगलीहून आली होती तेव्हा तिने पहिल्या दिवशी वाट्या एकात एक बसवून, अगदी मांडणीत ठेवतात तशी चळत लावून दिली, आणि वर मला म्हणाली, बघ किती जागा उरली. मशीन झाल्यावर सगळ्यात वरची वाटी चकचकीत आणि खालच्या सहांत आमटी जशीच्या तशी. पाणी खालून येतं, म्हणून प्रत्येक वाटी सुटी आणि पालथी हवी, थोडी तिरकी, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. ताटांची तोंडं मधल्या पंख्याकडे. मोठं पातेलं इंपेलरच्या बरोबर वर ठेवलंत तर सगळं पाणी ते एकटंच खाणार, ते कडेला. डाव, झारा आडवे, आणि लांब दांड्याचं काहीही खाली लोंबून पंख्यात अडकत नाही ना ते हाताने फिरवून बघा, मी एका उलथन्यापायी एक पातं घालवलंय.

आणि भात. इंपेलरच्या मशीनमध्ये तेच पाणी पुन्हा पुन्हा भिरकावलं जातं, आणि गाळणी असली तरी जाडी-भरडी. एका ताटाला चिकटलेली चार शितं सुटतात, पाण्यात फिरतात, फुटतात, आणि सगळ्या ग्लासांना खरखरीत कणी लागून सुकते, ती मग नखाने काढा. पिठल्याचं तर विचारूच नका. म्हणून ताट पूर्ण विसळायची गरज नाही पण खरकटं नीट काढायचंच, कागदाने पुसून घेतलंत तर उत्तम. पितळ, तांबं, लोखंडी तवा, बिडाची कढई, पोळपाट-लाटणं हे काहीही आत नाही. हळद लागलेला प्लास्टिकचा डबा पिवळाच बाहेर येणार, आणि हीटरच्या जवळ ठेवलात तर वाकडाही होणार.

पाणी किती लागतं हे लोक विचारतातच. सगळी भरणी धरून एका पूर्ण धुण्याला दहा ते पंधरा गॅलन, नव्या मशीनला नियमाने पाचच्या आत बसवावं लागतं. म्हणजे पाणी वाचवायला म्हणून हे घेऊ नका, मी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही, एवढंच. आणि चालू ठेवून बाहेर जायचं नाही. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये पाणी ठरावीक वेळ सोडतात, भरलं की आपोआप थांबेल अशी फ्लोटची सोय नसतेच, त्यामुळे व्हॉल्व्ह अडकला तर पाणी येतच राहतं, आणि प्लग काढूनही थांबत नाही, सिंकखालची चावीच बंद करावी लागते. ती चावी फिरतेय का हे आजच बघून ठेवा.

पुण्यातल्या एका मैत्रिणीने विचारलं होतं एक पाठवतेस का, ट्रान्सफॉर्मर लावेन. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करेल, पण ५० हर्ट्झचे ६० करणार नाही. मोटर सहाव्या हिश्शाने मंद फिरेल, पाणी वरच्या रॅकपर्यंत पोचणार नाही, मोटर तापेल, आणि टायमरही मोटरवरच चालत असल्याने तासाचं काम बहात्तर मिनिटांचं होईल, त्यात पाणी भरायचा वेळही लांबणार म्हणजे टबात पाणी जास्त. तिला म्हटलं, शोभेला हवं असेल तर पाठवते, त्यात लोणच्याच्या बरण्या छान राहतील.

शेवटची गोष्ट सीलचीच. मशीन आठ-दहा दिवसांतून एकदा तरी चालवलं पाहिजे, नाहीतर परत सगळं कोरडं. आम्ही दिवाळीला सहा आठवडे भारतात जातो तेव्हा शेजारच्या आजोबांकडे किल्ली असते, ते येतात, आपल्या घरचे दोन कप घेऊन येतात, लावतात आणि आवाज ऐकत बसतात, त्यांच्या आईकडे असंच होतं म्हणे. मागच्या वर्षी परत आले तर दोन्ही कपांच्या आत कॉफीचा तपकिरी गोल तसाच. नळ आधी सोडायचं सांगायला मी विसरले होते.